उलटा आवाज

तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं, तेवढंच. कारखान्यात सगळे तिला तिरपीबाई म्हणत. बावीस वर्षं ती आवाजाने उजेड वळवणाऱ्या यंत्रांसाठी स्फटिकाचे ठोकळे घासत होती, बोटभर लांबीचे, काचेसारखे लख्ख. पाच बाजू काटकोनात, सहावी मुद्दाम तिरपी. आणि बाईचं बोलणंही तसंच, जिभेला हाड नाही! सासूबाई रोज बजावायच्या, "कामावर तरी तोंड आवर गं."

मग नवे साहेब आले. शिकलेले खूप, पण या कामात कालचे. आल्या आल्या त्यांनी ठोकळ्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला. "हे काय वाकडं? सगळे सरळ करा. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नका."

"वाकडं नाही साहेब, तिरपं आहे. वाकडं चुकून होतं, तिरपं करावं लागतं."

"मला शिकवू नका."

झालं! बाईचं डोकंच फिरलं. घर तिच्याच पगारावर चालायचं, पोटावर पाय येणार हे दिसत होतं. भीती वाटली, नाही असं नाही. पण आपल्याच हाताने चांगला माल नासवायचा? छे! तिने एकच ठोकळा सरळ घासला, आपला एक तिरपा घेतला, आणि साहेबांना तपासणीच्या खोलीत बोलावून आणलं.

आधी सरळ ठोकळा. त्याच्या एका टोकाला चिकटवलेल्या चकतीतून तिने आवाज सोडला, कानाला ऐकूच न येणारा. लाल प्रकाशाचा झोत ठोकळ्यातून आडवा गेला. आवाजाच्या लाटांनी त्यातला थोडा उजेड वळवला आणि भिंतीवर मूळ ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका उमटला. पण कसा? सारखा थरथरत होता.

"पलीकडच्या सरळ बाजूवर आपटून आवाज उलटा येतोय," बाई म्हणाली, "आणि नव्या आवाजात घुसून घोळ घालतोय. आता हा माझा बघा."

तिरप्या बाजूवरून आवाज कडेला सटकला. ठिपका खिळा ठोकल्यासारखा जागच्या जागी राहिला.

साहेबांनी दोनदा चष्मा पुसला. मग घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे. तिरपेच करा. पण यापुढे मला उलटून बोललेलं चालणार नाही."

बाईने ठोकळा पुसून डबीत ठेवला.

"आवाज आपणहून उलटत नाही, साहेब. समोर कुणी आडवं आलं की उलटतो."