गफूर मिस्त्रींचं परमिट

सुरेखाताईंचं नाव आधी लिहितो, बाकीचं मग. त्या आमच्या सबस्टेशनच्या ऑपरेटर. आज मी हे टाईप करून राहिलो ते त्यांच्यामुळं.

मी नववीत शाळा सोडलेला माणूस, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या. भूतखेत असल्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. लाईनच्या कामात तारेला भ्यायचं, बाकी कशाला न्हाई... पण हे माझ्यावरच गुदरलंय.

गाव माझं निलंग्याकडं. ठेकेदाराच्या कामावर अर्धापूरला येऊन पडलो. तिथं जीव लावणारे दोघंच — सुरेखाताई आणि लाईनमन गफूर मिस्त्री. त्यांना मी चाचा म्हणायचो.

त्या उन्हाळ्यात वादळानं केळीच्या बागा झोपल्या, खांबही झोपले. तिसरा दिवस, भर दुपार. गावात लाईट न्हाई, नळाला पाणी न्हाई. आमच्या फीडरवर — सबस्टेशनातून निघणाऱ्या एका लाईनवर — दोन गँग काम करत होत्या. आमचा एकच खांब राहिलेला, त्यावरचा जंपर — दोन तारा जोडणारा तुकडा — तुटला होता.

आमच्यात रीत अशी की चढायच्या आधी सबस्टेशनला सांगून परमिट घ्यायचं. ते परत येईपर्यंत ऑपरेटर लाईनीत करंट सोडत न्हाई. आणि ज्यानं घेतलं त्यानंच, आपल्या तोंडानं परत करायचं. चाचांच्या मोबाईलची बॅटरी संपलेली, म्हणून माझ्या फोनवरून त्यांनी परमिट घेतलं. फोन परत माझ्या खिशात. अर्थिंगची साखळी — चुकून आलेला करंट जमिनीत उतरवणारी — दुसऱ्या गँगकडं होती. तिच्यासाठी थांबायला पाहिजे होतं...

"एकच जंपर हाय. चढ," चाचा म्हणाले.

"तुमी खाली, म्या वर. लई हुशार हाव चाचा."

"माझे गुडघे घे अन् तुझं वय दे. लगेच चढतो."

अर्ध्यापाऊण तासात जंपर जोडला. "झालं चाचा!" ओरडलो. खाली बघितलं तर चाचा खांबाला टेकून बसलेले, टोपी डोळ्यांवर. तीन दिवसांची झोप असंल, वाटलं. उतरून खांद्याला हात लावला तर एका अंगाला कलंडले.

ताईंना फोन लावला. "ताई, चाचा गेले..."

"काय बोलतो रे? आत्ता दहा मिनिटांखाली बोलले माझ्याशी!"

मग ताईंनी फोनवरच सगळं सांगितलं. दुसऱ्या गँगनं परमिट परत केलं, गेटवर लाईटसाठी लोकांचा कालवा, त्या गडबडीत ताईंनी रजिस्टरात चुकून आमच्या नावापुढं 'परत' लिहिलं. स्विचवर हात गेला, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. चाचांचा आवाज — "सुरेखा बेटी, पोट्टं वर हाय. म्या सांगंपर्यंत हात लावू नको."

ताईंनी हात मागं घेतला, लिहिलेलं खोडलं. तो टेबलावरचा फोन वादळाच्या दिवसापासून बंद होता. म्हणून तर सगळं मोबाईलवर चालू होतं. आणि डॉक्टर नंतर म्हणाले, मी खाली उतरलो तेव्हा चाचांना जाऊन अर्धा तास तरी झाला असंल.

ज्यानं परमिट घेतलं तो गेला. आता परत कोण करणार? गेटवरच्या शिव्या मला फोनमधून ऐकू येत होत्या. ताई रडत म्हणाल्या, "तूच बोल. त्यांच्या नावानं."

चाचांचं डोकं मांडीवर घेतलं. "गफूर मिस्त्री बोलतो. परमिट परत. माणसं खाली हायेत."

जरा वेळानं पलीकडच्या वस्तीत पाण्याच्या मोटारी चालू झाल्या. लेकरं ओरडून राहिली — आली, आली!

रजिस्टरातल्या खाडाखोडीवरून ताईंची चौकशी लागली. बंद फोन वाजला कसा, यावर त्यांचं एकच उत्तर — वाजला. साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, "मला काही माहीत न्हाई, साहेब." काम जाईल म्हणून. ताईंना घरी बसवलं. माझं कामही दोन महिन्यांनी गेलंच. आता लई लांब, एका शेडमध्ये वायरिंग ओढतो.

तो फोन कुणी केला, मला आजही सांगता येत न्हाई. पण ताईंनी ते त्याच घटकेला, कुणी विचारायच्या आधी मला सांगितलं होतं, एवढं तरी तेव्हा साहेबांना सांगता येत होतं... ताई, एक दिवस येईन. त्याच साहेबांपुढं उभा राहून हे बोलीन. काही बदललं न्हाई तरी बोलीन.