दगडफूल राहिलं तेव्हा

आधीच सांगते, मी असलं काही मानणारी बाई नाही. चोवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. गावी कुणी भुताखेतांच्या गप्पा सुरू केल्या की मी चहा टाकायला उठते... त्यामुळे हे लिहिताना मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण घडलंय ते घडलंय.

मी आणि आई मुंबईत काळाचौकीला राहतो. माझी लेक पुण्यात नोकरीला. आई ब्याऐंशीची, गेली पाच वर्षं तिची स्मृती जातेय. डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरून दाखवली होती – आठवणी साठवणारा मेंदूचा भाग दोन्ही बाजूंनी आक्रसलाय. आजीचं असंच झालं, मावशीचंही. "तुमचीही जनुकांची टेस्ट करता येईल," डॉक्टर म्हणाले. "दोष निघाला तरी आजार होईलच असं नाही, धोका वाढतो इतकंच." इतकंच! वर्षभर मी ती टेस्ट पुढे ढकलत होते. चष्मा कुठे ठेवला ते आठवेना की धसका बसायचा. उद्या लेकीलाच ओळखलं नाही तर?

म्हणून मी माझीच एक परीक्षा काढली. आमच्याकडे मालवणी मसाल्याचं माप कुणी लिहून ठेवत नाही, आईने लेकीला तोंडी सांगायचं. पूर्वी मसाला करायला आई एकटी लालबागला जायची, आता मी जाते. कागद न घेता दुकानात सगळे जिन्नस घडाघडा सांगायचे आणि तिथेच डंकावर कुटून आणायचे. सगळं आठवलं की वर्षभराची निश्चिंती. मास्तरीणबाईचं डोकं, दुसरं काय!

यंदा एप्रिलमध्ये शनिवारी सकाळी अकराला गेले. आईला सांभाळणाऱ्या सुनीताला "बँकेत जाऊन येते" एवढंच सांगितलं होतं. दुकानात सुरुवात केली – बेडगी, संकेश्वरी, धणे, बडीशेप, त्रिफळ, नागकेशर... आणि शेवटी अडले. एक जिन्नस राहिला होता. कुठला, ते काही केल्या आठवेना. मागे गर्दी खोळंबलेली. झालं, आपलीही सुरुवात झाली, असं वाटलं आणि मी भर दुकानात रडायला लागले.

तेवढ्यात सुनीताचा फोन.

"ताई, तुम्ही रडताय का?"

"का गं, काय झालं?" मी डोळे पुसत विचारलं.

"अहो, आजी बोलल्या! माझा हात धरून सारखं म्हणतायत, 'चेडवाक सांग, रडा नको. दगडफूल माझ्या पण कधी ध्यानात रवाक नाय.' म्हणजे काय ओ?"

सुनीता साताऱ्याची, तिला मालवणी कळत नाही; चेडू म्हणजे मुलगी, आणि दगडफूल आईच्याही कधी लक्षात राहिलं नव्हतं. आणि आईने आठ महिन्यांत एक सबंध वाक्य उच्चारलं नव्हतं.

राहिलेला जिन्नस दगडफूलच होता. आईला पूर्वीपासून ओळखणाऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या काकांना विचारलं, "माझी आई दगडफूल विसरायची?"

ते हसले. "दरवर्षी! चाळिशीची होती तेव्हापासून. डंकापर्यंत जाऊन परत यायची. बोलली नाही कधी तुम्हाला?"

नाही बोलली. मला शिकवताना तर एकदाही चुकली नव्हती.

मसाला तिथेच टाकून घरी धावले. आई खिडकीशी बसली होती. म्हटलं, "आई, तुला कसं कळलं गं?" तिने पाहुण्याकडे बघावं तसं बघितलं. "तुमी खंयच्या?" असं तिने मलाच माझं गाव विचारलं. येताना मी तोंड धुऊन आले होते, तरी गाऊनच्या बाहीने तिने माझे कोरडे गाल पुसले.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अशा पेशंटना कधीकधी जुनं लख्ख आठवतं. पण मी रडतेय हे तिला घरबसल्या कसं कळलं, असं विचारल्यावर त्यांनी फक्त पुढची तारीख लिहून दिली. त्याच दिवशी टेस्टसाठी रक्त देऊन आले.

रिपोर्ट अजून यायचाय. वाईट आला तर येऊ दे. माझं नावही न आठवणाऱ्या माझ्या आईला मी रडतेय हे कळलं... तसं मलाही माझ्या लेकीचं कळेल.