दुपारमामांनी न पाहिलेलं घर

आमच्या गावात सोयरीक जुळवणारे चार-पाच जण होते, पण मुलाचं घर पाहायला वैशाखात, भर दुपारी, न कळवता जाणारा माणूस एकच. डोक्याला ओला पंचा, पायात टायरच्या चपला, खिशात एक कांदा. त्या घरी पोचले की आधी चपला काढायचे आणि अंगणात अनवाणी उभे राहायचे. मुलाचा बाप "या, या, सावलीत या" म्हणत धावत बाहेर यायचा. मामा म्हणायचे, "सावली हाय का, तेच बघून राह्यलो." त्यावरून त्यांचं नाव पडलं दुपारमामा. खरं नाव गावातल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.

ह्या माणसाबद्दल तीर्थपुरीपासून वडीगोद्रीपर्यंत एक गोष्ट सांगतात. त्यांनी पाहून दिलेल्या घरात माझी मुलगी उन्हानं गेली, अशी ती गोष्ट. ती खोटी आहे. खोटं माझं होतं, आणि ते निस्तरलं मामांनी. मामा आता नाहीत. मी सत्तरी ओलांडली आहे. म्हणून लिहितो आहे. पण आधी मामा कसे होते ते सांगतो, नाहीतर आमच्या हातून काय गेलं ते कळायचं नाही.

ते मूळचे आमच्या गावचे नव्हते. त्यांची बहीण आमच्या गावात दिलेली. स्वतः मामा जालन्याच्या पलीकडच्या माळावरचे. तिथं घराला दगड, शेताला दगड, आणि झाड म्हणाल तर बोर-बाभळ. एका वैशाखात बहिणीला भेटायला आले. आमचं गाव कॅनॉलच्या काठावर. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला मोसंबीच्या बागा. पाणी सुटलेलं होतं. मामा जेवून ओसरीवर आडवे झाले ते दिवस कलला तेव्हा उठले. म्हणाले, "ताई, मी दुपारचा झोपलो गं!" तिला कळेना, त्यात विशेष काय. मामांच्या आईनं उभा जन्म वैशाखातल्या दुपारी ओलं लुगडं अंगावर घेऊन भिंतीशी बसून काढला होता. मामा परत गेलेच नाहीत. थोडी जमीन वाट्यानं केली आणि बहिणीच्या शेजारी राहिले. सगळ्या गावाचे मामा झाले.

त्यांचं एक म्हणणं होतं: "ऊन वरून पडतं ते सगळ्यांना बराबर. अंगाला लागतं ते जागंवर." लोक हसायचे. मी हसायला नको होतं, कारण मी एसटीत कंडक्टर होतो आणि हे रोज डोळ्यांनी पाहत होतो. वडीगोद्रीच्या फाट्यावर डांबर आणि पत्र्याची दुकानं; तिथं चढणाऱ्या बायांनी तोंडाला घट्ट पदर बांधलेला असायचा. गाडी कॅनॉलचा पूल ओलांडून उसात शिरली की एकेकीचा पदर सुटायचा, खिडक्या उघडायच्या, गप्पा सुरू व्हायच्या. तोच दिवस, तीच गाडी. फाट्यावरचा माणूस उन्हाळ्याचे जितके दिवस तापलेले म्हणून मोजेल, त्यातले कितीतरी आमच्या ओसरीवर नुसते उन्हाळ्याचे दिवस असायचे. मामा मला म्हणायचे, "कंडक्टर, एका तालुक्यात दोन-दोन उन्हाळे राहतात. तुम्ही एकाचं तिकीट काढून दुसऱ्यात उतरता."

घर पाहण्याची त्यांची रीत ठरलेली. बैठकीत बसायचे नाहीत, सरळ चुलीकडं जायचे. भिंतीला तळहात लावून उभे राहायचे. माठ कुठं ठेवलाय ते बघायचे. म्हणायचे, "पोरगा काय, दिवेलागणीला घरी येतो. दुपार पोरीची असते." वडीगोद्रीला एका बड्या घरी त्यांच्यासाठी मुद्दाम कूलर लावला. मामा दोन मिनिटं त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, "हा पाव्हणा आपल्यासारखाच दिसतो. आपण आलो म्हणून आला, लाईट गेली का जाईल. याला जरा बाहेर बसवा, मला घरातल्या माणसांशी बोलायचंय." मुलाचा बाप चिडला. आतून म्हातारी ओरडली, "खरं बोलून राह्यलेत ते! चाळीस वर्षं म्या भाजून निघाले, कुणी विचारलं न्हाई!" सोयरीक मोडली. पण ती म्हातारी पुढं मामांना मानलेला भाऊ म्हणू लागली.

ते चुकायचेही. एक पोर त्यांनी गर्द चिंचेखालच्या घरात दिली. घर थंडगार, नवरा मारकुटा निघाला. मुलीचा भाऊ भांडायला आला तेव्हा मामा मान खाली घालून म्हणाले, "घर गार निघालं, माणूस तापट. भिंतीला हात लावता येतो रे, माणसाला कुठं लावू?" स्वतः जाऊन त्या पोरीला परत घेऊन आले. आपल्या हातून झालेलं ते दुसऱ्यावर ढकलत नसत. दुसऱ्याच्या हातून झालेलं मात्र स्वतःवर घेतलं, आणि तो दुसरा मी.

माझ्या सुमनला दिवाळीनंतर जालन्याचं स्थळ आलं. जुन्या जालन्यात धान्याच्या पेठेत घर. मुलगा अडतीच्या दुकानावर हिशेबाला, निर्व्यसनी, देण्याघेण्याची अट नाही. खाली गोदाम, वर दोन खोल्या, त्यावर पत्रे. गल्ली एवढी अरुंद की समोरासमोरच्या घरांतल्या बाया हात लांबवून वाटी देत. मी मामांना घेऊन गेलो. कार्तिक होता, अंगावर स्वेटर होते. मामांनी पत्र्याकडं वर पाहिलं, गल्लीत खाली पाहिलं, आणि चहा पिऊन उठले.

बसस्टँडवर मला म्हणाले, "पोरगा चांगला हाय. वैशाखात सांगतो."

"मामा, त्यांच्या आजीला नातसून बघायचीय. त्यांना जल्दी आहे."

"मंग मला विचारू नका. थंडीत पाहिलेलं घर म्हणजे न पाहिलेलं घर."

घरी शांताचं, माझ्या बायकोचं, एकच म्हणणं: मामांनी होकार दिला तरच. शांताचे भाऊही तसेच. स्थळ हातचं जाईल ह्या भीतीनं माझी झोप उडाली होती. मी सांगून टाकलं, "मामांनी पाहिलंय. पसंत आहे."

सुपारी फोडायच्या दिवशी मामा उशिरा आले. मांडवात शिरतात तोच माझा मेहुणा म्हणाला, "या मामा! तुम्ही घर पाहिलं म्हणून आम्ही निवांत. न्हाईतर शहरात पोर द्यायची म्हणजे..." मामा थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी कुणाला तरी पाणी वाढत होतो, ते वाढतच राहिलो. समोर मुलाकडची माणसं, मधे ताटात नारळ, सुमनच्या कपाळावर ओलं कुंकू. मामा एवढंच म्हणाले, "पोरगी सुखी राहो." मग कोपऱ्यात जाऊन बसले. जेवले नाहीत.

जावई चांगला होता, आजही आहे. सुमनला मुलगी झाली. दर उन्हाळ्यात अक्षय तृतीयेला मी तिला माहेरी आणायचो. ती आली की पहिले दोन दिवस मोसंबीच्या बागेत नुसती झोपायची. मामा बांधावरून जाताना तिच्याकडं बघायचे. मला एकदा म्हणाले, "कंडक्टर, लेकी आखाजीला येतात ते बरंच हाय. पण ही पळून आल्यासारखी येती." मी म्हणालो, "शहरात कामं लय असतात, मामा."

शेवटच्या उन्हाळ्यात अक्षय तृतीयेच्या आधी तिचा फोन आला. मी ओसरीवर होतो. कॅनॉलला पाणी होतं, ओला वारा येत होता.

"बाबा, इथं दुपारी घरात थांबवत न्हाई. चार दिवस आधी येऊ का?"

"अगं, इथं तर बेताचंच ऊन हाय. तुला शहराची हवा लागली वाटतं."

ती हसली. "लागली खरी. दार लावलं तरी लागती."

"कुरडया झाल्या का तुमच्या?"

"उद्या घालायच्यात. वर पत्र्याजवळ."

"मंग त्या उरकून घे. मी येतोच न्यायला."

तिचं बोलणं खोटं आहे असं मला वाटलं नव्हतं. मी माझ्या ओसरीवर बसून तिचं ऊन मोजलं, एवढंच. आयुष्यभर गाडीतून दोन्हीकडचं ऊन पाहिलेला माणूस मी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती कुरडया घालतानाच पडली. दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं.

तेराव्यापर्यंत शांता बोलली नाही. बोलली तेव्हा पहिलं वाक्य होतं, "मामांनी काय पाहिलं होतं मंग?" तिच्या भावांनी ते उचललं, तिथून गावानं, तिथून बाजारानं. "दुपारमामानं पाहिलेलं घर" हा टोमणा झाला. पुढच्या लगीनसराईत मामांना कुणी बोलावलं नाही.

त्या वैशाखात मामा आमच्या दारात आले. भर दुपारी, डोक्याला पंचा, हातात पिशवीभर मोसंबी. ज्या पोरी त्यांनी दिल्या त्यांच्या आयांकडं ते वर्षातून एकदा असेच जायचे. शांता उंबऱ्यावर उभी राहिली. "मोसंबी परत न्या, मामा. अन् ह्या दारात परत येऊ नका." उन्हातून आलेल्या माणसाला आमच्याकडं आधी पाण्याचा तांब्या देतात, शत्रूलाही देतात. तिनं दिला नाही. मी आतल्या खोलीत पलंगावर होतो. मामांचा आवाज आला, "बरं, बाई." मी बाहेर जायला पाच पावलं होती. त्यांच्या चपलांचा आवाज गल्लीच्या टोकाला विरेपर्यंत मी पलंगाची पाटी धरून बसून राहिलो. त्यांनी फक्त एक वाक्य बोलायचं होतं. एका वाक्यात ते सुटले असते, आणि मी शांताला कायमचा मुकलो असतो. ते बोलले नाहीत.

सुमन गेल्यावर दोन वर्षांनी, थंडीत मामा गेले. मातीला माणसं थोडी होती. मी गेलो, मागं उभा राहिलो, तोंड उघडलं नाही. शांता गेली नाही. त्यानंतर जावई भेटायला आला तेव्हा मला म्हणाला, "बाबा, मामा चैत्रात टेम्पो करून यायचे. तुमच्याकडच्या उसाचं पाचट आणून आमच्या पत्र्यावर अंथरायचे, वर ओली पोती टाकायचे. दोन्ही वर्षं आल्ते. म्हणायचे, नात हितं राहती, तेवढी तरी गार राहू द्या. तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

मी त्यानंतरही गप्प राहिलो. हेही खरं आहे.

यंदा चैत्रात वडीगोद्रीला पुतण्याच्या घरी त्याच्या मुलीच्या सोयरिकीची बैठक होती. कूलर चालू होता. कुणीतरी म्हणालं, "मुलाचं घर एकदा दुपारचं बघून या बरं का." दुसरा हसला, "नको बाबा, दुपारमामानं पाहिलेल्या घरातून पोरगी परत येत न्हाई." बोलून झाल्यावर त्याला आठवलं की मी समोर बसलोय. त्यानं जीभ चावली. "माफ करा, काका."

मी म्हणालो, "त्यांनी ते घर पाहिलंच नव्हतं. वैशाखात पाहू म्हणाले होते. पसंत आहे असं मी खोटं सांगितलं."

आतल्या दाराशी बाया बसल्या होत्या, त्यांत शांता होती. तिच्या बांगड्यांचा आवाज बंद झाला. परतीच्या गाडीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. कॅनॉलचा पूल आला, बायांनी पदर सोडले. तिनं सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर होतो. शांता आतून आली. हातात माठातल्या पाण्यानं भरलेला तांब्या. मला वाटलं, मला आणलाय. मी हात पुढं केला. ती मला ओलांडून उंबऱ्यापाशी गेली आणि उभी राहिली.

"मामा त्या दिवशी इथंच उभे होते ना?"

"हो."

"आता हे पाणी कुठं नेऊन देऊ? सांगा."

ती तशीच उभी राहिली. तांब्यावर बाहेरून थेंब जमले, ते तिच्या बोटांवरून उंबऱ्यावर पडू लागले. समोरच्या बागेतून वारा येत होता. आमच्याकडं त्या दिवशीही ऊन बेताचंच होतं.