मामा कोणत्या गटात

बाळांनो, परवा तुम्ही घरच्या फोटोंचं पान केलंत आणि ते कोणाकोणाला उघडावं यावरून फोनवर भांडलात. तेव्हा मला आमच्या कॉलेजातले अण्णा आठवले. ते गेल्या महिन्यातच गेले. म्हणून हे आताच लिहून ठेवते.

बेळगावच्या मुलींच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायची, तेव्हा तिथली वेबसाइट ते सांभाळत. कोणी तक्रार घेऊन आलं, की चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "कुठल्या गटात हायसा?" शिक्षक, ऑफिस, विद्यार्थिनी, पालक असे त्यांनी गट केले होते. प्रत्येक पान नेमलेल्या गटालाच उघडायचं. एकदा खुद्द प्राचार्यांनाच ऑफिसचं एक पान उघडेना.

"पासवर्ड बरोबर हाय सर," अण्णा म्हणाले. "पण त्या गटात तुम्ही न्हाय."

"मग घाला की."

"अर्ज द्या की."

प्राचार्यांनी हसत हसत अर्ज दिला.

हॉस्टेलचं पान पालकांसाठी होतं. मुलगी कुठे गेली, कधी परतणार, ते त्यावर दिसे. आता आपल्याकडे पालक म्हणजे नुसते आईबाप थोडेच? प्रवेशाला सोबत मामा येत, चुलते येत, आणि अण्णा सगळ्यांना पालकांत घालत. "मामाला न्हाय म्हणायचं व्हय?" असं त्यांचं म्हणणं.

कणकुंबीची एक मुलगी शेवटच्या वर्षाला होती. घरी तिच्या लग्नाची घाई, आणि स्थळ मामांनी आणलेलं. हुबळीला नोकरीची मुलाखत म्हणून तिने रजा टाकली. मामांनी ते पानावर वाचलं आणि सकाळीच हॉस्टेलच्या दारात जीप उभी करून तिला गावी नेलं. मुलाखत बुडाली.

चार दिवसांनी ती परत आली ती थेट अण्णांकडे. मी तिथेच बसले होते.

"अण्णा, सोमवारी परत बोलावलंय. मामांना काढा."

"मामाला कसं काढू गं?"

"मग मलाच हॉस्टेलातून काढा. गावाला जाते."

अण्णांनी कीबोर्ड पुढे ओढला. मग त्यांनी हॉस्टेलच्या पानावरून पालकांचा गटच उठवला आणि प्रत्येक मुलीचा वेगळा गट करायला घेतला.

"तुझं पान कुणी बघायचं, तू सांग."

"आई."

"आईकडं मोबाइल हाय?"

"न्हाय. तरी आईचंच नाव घाला."

शनिवारी मामा आले. "अण्णा, माझा पासवर्ड चालंना."

"पासवर्ड बरोबर हाय, पाहुणं. तुम्ही गटात न्हाय."

"कुणी काढलं?"

"मी."

"मी पालक न्हाय व्हय?"

"हायसा की. बसा, चहा घ्या. पान तेवढं मिळायचं न्हाय."

मामा चहा न घेताच गेले. सोमवारी मुलगी हुबळीला गेली आणि नोकरी घेऊनच आली.

आता अण्णांच्या खुर्चीत दुसरी माणसं बसतात. वेबसाइटही नवी आहे. पण हॉस्टेलला आलेली प्रत्येक मुलगी पहिल्या दिवशी स्वतःच सांगते, आपलं पान कोणी बघायचं. ते अजून चालू आहे.