संध्याकाळी फोन करते

रशीदा गेली त्या दिवशी सकाळी पावणेआठला तिचा हार घातलेला फोटो माझ्या मोबाइलवर आला आणि तो बघून मी हसले. गेले सहा आठवडे हे कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून आधी तेच लिहून टाकते. मी माढ्याला होते, भाचीचा साखरपुडा होता. एका हातात कुंकवाचा करंडा, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि मागून वहिनीचा घोषा चाललेला की फुलांच्या परड्या कुठं ठेवल्या. मी उभ्या उभ्या उत्तर लिहिलं, ‘परत मेलीस का गं? संध्याकाळी फोन करते.’ मोबाइल पर्समध्ये टाकला, पर्स वहिनीच्या कपाटात ठेवली आणि कामाला लागले. दुपारी पंगती उठल्यावर पर्स उघडली, तर तिच्या मुलीचे, यास्मिनचे, अकरा मिस्ड कॉल. मी परत फोन लावला तो कुणा शेजारणीनं उचलला. ती म्हणाली, “सकाळीच गेल्या हो त्या. असरच्या, पाचच्या नमाजनंतर नेणार हायत, तुमी लगेच निघा.” मी साखरपुड्याच्या साडीतच सोलापूरच्या एसटीत बसले. पोचले तेव्हा माणसं कबरस्तानातून परत येत होती. आतल्या खोलीत बायका बसल्या होत्या, पलंगावरची गादी गुंडाळून ठेवली होती. तिचं तोंड बघायचं राहिलंच.

तुमच्यापैकी पुष्कळांनी रशीदाला पाहिलेलं आहे. नाव आठवणार नाही कदाचित, पण सुनेच्या ताटातली पोळी काढून घेणारी ती मालिकेतली सासू म्हटलं की चेहरा डोळ्यांपुढं येईल. शोकसभेत तिला ‘अष्टपैलू’ म्हणाले, ‘रंगभूमीची निस्सीम सेविका’ म्हणाले. तिला हे ऐकू आलं असतं तर ती मागच्या रांगेत बसून शेंगा खात म्हणाली असती, “कुणाबद्दल बोलायलेत गं?” त्या सभेत मलाही बोलायला उभं केलं होतं. समोर तोच फोटो मोठा करून लावला होता, मुळात हार असलेला, आणि त्यावर मंडळींनी खऱ्या झेंडूचा आणखी एक हार चढवला होता. हारावर हार. मी माइकपुढं उभी राहिले, फोटोकडं पाहिलं आणि खाली उतरले. सगळ्यांना वाटलं, शालनताईंना गहिवरून आलं. गहिवर कसला, माझ्या डोक्यात एकच प्रश्न भणभणत होता. तो फोटो मला पाठवला कुणी?

तो प्रश्न कळायचा तर आधी फोटो कळायला पाहिजे, आणि फोटो कळायचा तर रशीदा. आम्ही दोघी एका वर्गात, एका बाकावर. तिच्या अब्बांचं नवी पेठेच्या मागच्या बोळात पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या वरच घर. दिवसभर ठोकाठोकी. त्या घरात हळू बोललेलं कुणाला ऐकूच जायचं नाही, त्यामुळे सगळं कुटुंब मीठ मागायचं तेही गावाला हाक मारल्यासारखं. आमच्या हौशी नाटक मंडळीचे सर बँकेत कारकून होते. पहिल्या दिवशी तिला म्हणाले, “शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे.” तिनं वाक्य म्हटलं. सर कानावर हात ठेवून म्हणाले, “पुरे.” ती बिचारी खरंच विचारात पडली, “मला वाटलं रस्त्यापल्याड सांगताय.” आणि बोलीचं म्हणाल तर स्टेजवर पाऊल पडलं की तिच्या ‘हाय’चं ‘आहे’ व्हायचं आणि विंगेत परतली की पुन्हा ‘हाय’. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्याच नाटकात ती म्हातारी झाली. बाविसाव्या वर्षी केसांना पांढरं लावायला आमच्यातली एकही तयार नव्हती, मी तर नाहीच. मी तिची सून होते. स्पर्धेचा प्रयोग, थिएटर भरलेलं, आणि माझी एन्ट्री आली तेव्हा माझे पाय विंगेत जे रुतले ते रुतलेच. पहिलं वाक्य आठवेना, कुणीतरी पाठीमागून ढकलत होतं तरी मी खांबाला धरून उभी. स्टेजवर रशीदा सूप घेऊन एकटी बसली होती. तिनं माझी वाट बघितली आणि मग गहू पाखडायला सुरुवात केली. एक खडा काढला, निरखून पाहिला, टाकला. सुनेच्या आईबापांचा उद्धार केला, मग शेजारणीचा केला, मग स्वतःच्या गुडघ्याशी भांडली. यातलं एक अक्षर नाटकात नव्हतं. लोक हसत होते. किती वेळ गेला देव जाणे, पण त्या हसण्यानं माझे पाय सुटले आणि मी आत गेले. तिनं मान वर केली आणि अगदी शांतपणे म्हणाली, “आलीस? मला माहीत होतं येशील.” त्या वाक्याला टाळी पडली. बक्षीस तिला मिळालं आणि ते बरोबरच होतं.

त्यानंतर मी एका नाटकात काम केलं आणि लग्न झाल्यावर सोडून दिलं. यांना आवडत नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. आमच्या ह्यांनी कधीच नको म्हटलं नव्हतं... मला त्या विंगेची भीती बसली होती. शाळेत नोकरी लागली, तिथं पन्नास पोरांपुढं माझी जीभ कधी अडखळली नाही. रशीदा मात्र पुढं गेली. व्यावसायिक नाटकांचे दौरे, मग सिनेमे. मला तिचा हेवा वाटायचा, चांगलाच वाटायचा. पहिल्या सिनेमात तिचा एकच प्रसंग होता. दार उघडायचं, ‘ते घरी नाहीत’ म्हणायचं, दार लावायचं. सगळा बोळ बघायला गेलो. आम्ही खुर्च्या शोधून टेकेपर्यंत दार उघडून लागलंसुद्धा. मध्यंतरात धुतलेली टोपी घालून आलेले अब्बा विचारत होते, “रशीदा कब आती?” कुणीतरी म्हणालं, “आके गयी, चाचा.” अब्बा घरी गेले नाहीत. पुढच्या खेळाचं तिकीट काढून पहिल्यापासून डोळे ताणून बसले. हे सांगताना रशीदा दर वेळी हसायची आणि दर वेळी शेवटी डोळे पुसायची.

मालिकेनं तिला घरोघरी पोचवलं, पण सासू म्हणून. नवी पेठेत आम्ही साड्या घ्यायला गेलो की दुकानातली बाई तिला पाणी द्यायला का-कू करायची. एकदा वळसंगकडच्या एका आजींनी भर रस्त्यात तिच्या दंडाला चिमटा काढला. “सुनेला उपाशी ठेवतीस व्हय गं?” रशीदानं हात जोडले, “चुकलं आज्जी. उद्यापास्नं पोटभर वाढते.” आजी निघून गेल्यावर दंड चोळत मला म्हणाली, “काम बरं चाललंय म्हणायचं.”

मग यास्मिनचं बाळंतपण आलं. रशीदानं मालिकावाल्यांकडून आठ दिवस मागून घेतले आणि सोलापूरला आली. नातू झाला, त्याला न्हाऊमाखू घातलं, नवव्या दिवशी मुंबईला परत गेली. सेटवर पाय ठेवते तो समोरच्या भिंतीवर हिचाच फोटो, चंदनाचा हार घातलेला, खाली समई. चहाच्या सुट्टीत कुणीतरी सहज काढलेला फोटो होता, किंचित हसते आहे, पदर जरा सरकलेला. कथेत सासूबाई यात्रेला जाताना अपघातात वारल्या होत्या. तिनं तिथूनच मला फोन केला. आवाज नेहमीचा, रस्त्यापलीकडं जाणारा. “शालन, मी गेले. दोन दिवस झाले म्हणं. मला कुणी कळवलंच न्हाय.” मी हसले, ती हसली. त्या हाराच्या फोटोचा तिनं मोबाइलवर फोटो काढून घेतला. यास्मिन चिडली, म्हणाली, “अम्मी, आपल्यात असलं चालत न्हाय, पुसून टाक.” रशीदा म्हणाली, “माझा एवढा चांगला फोटो जिवंतपणी कुणी काढला न्हाय की.”

त्यानंतर त्या फोटोचा एकच उपयोग होता. मी आठ-दहा दिवस फोन केला नाही की तो यायचा. सोबत एक शब्द नाही. अर्थ मला ठाऊक होता, मी मेल्यावरच फोन करणार व्हय तू? मी कपाळावर हात मारून फोन लावायची. वर्षातून चार-पाच वेळा तरी ती अशी मरायची.

या खेपेला बारा दिवस झाले होते, आणि ते मी मुद्दाम जाऊ दिले होते. कारण शेवटच्या भेटीत तिनं माझ्यापुढं एक वही टाकली होती. दोन म्हाताऱ्यांचं नाटक, माणसं दोनच, तासाभराचं. एक ती, एक मी. सोलापुरात एक प्रयोग करायचा, बस. मी म्हटलं, या वयात मला काय जमतंय, माझं पाठांतर गेलं, गुडघे गेले. ती म्हणाली, “गुडघे दोघींचे गेलेत. तसंच लिहिलंय त्यात, मुद्दाम कराया नको.” मी म्हटलं, माढ्याचा साखरपुडा होऊ दे, मग बघू. ‘बघू’ म्हणजे काय हे तिला चाळीस वर्षं कळत होतं. तरी तिनं झेरॉक्स काढून माझी वेगळी प्रत केली होती. मी ती जाताना खुर्चीवर विसरले... विसरले कसली, ठेवून आले.

तर आता प्रश्न. शेजारीण म्हणाली, सकाळीच गेल्या. किती वाजता, ते मी विचारलं नाही. पावणेआठला फोटो पाठवला तो यास्मिननं, आईच्या मोबाइलवरून, आई गेल्याचं कळवायला? तिला आमच्या खेळाचं काय माहीत, समोर सापडला तो फोटो टाकला असेल. मग मी एका पोरीला तिच्या मेलेल्या आईबद्दल ‘परत मेलीस का’ असं लिहिलं. का तो रशीदानंच पाठवला? मग ती जिवंत होती, मला बोलवत होती, आणि मी तिला संध्याकाळ दिली. माझ्या उत्तराखाली दोन निळ्या खुणा होत्या. म्हणजे कुणीतरी वाचलं होतं. सहा आठवडे मी त्या निळ्या खुणा काढून बघत होते, स्वयंपाक करताना, बँकेच्या रांगेत, देवापुढं बसल्यावरसुद्धा. भाजी जळाली, मुलगा ओरडला, डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली. विचारायची हिंमत काही होईना. दोन्हीपैकी कुठलं उत्तर आलेलं मला चालणार होतं, हेच ठरत नव्हतं.

गेल्या शुक्रवारी तिचा चाळिसावा दिवस होता, बोळातल्या त्याच घरी. गेले. जेवणं झाली, बाकीच्या बायका उठल्या, मी आणि यास्मिन मागच्या खोलीत राहिलो. अब्बांनी केलेली पत्र्याची मोठी पेटी अजून तिथंच आहे. तिच्यावर रशीदाचा मोबाइल चार्जिंगला लावलेला होता. मी मोबाइलकडं बघतच विचारलं, “यास्मिन, त्या दिवशी सकाळी मला फोटो कुणी पाठवला गं?”

“अम्मीनं,” ती म्हणाली. “पहाटेपासून छातीत दुखायलं होतं. रिक्षा दारात आलेली. मी म्हणतीय चल, तर ही म्हणती, थांब, शालनला फोटो टाकते.”

“आणि मी लिहिलं ते?”

“वाचलं की. लई हसली. मला मोबाइल दिला न् म्हणाली, हितंच चार्जिंगला लाव, संध्याकाळी शालनचा फोन येणार हाय. मी म्हटलं, मावशी साखरपुड्यात हायत, त्या कुटल्या करतात. तर म्हणाली, तिला एन्ट्रीला उशीर होतो, पण येती ती.” यास्मिननं ओढणीनं डोळे पुसले. “नऊला गेली. तवापास्नं मी ह्यो काढलाच न्हाय, मावशी. काढवत न्हाय.”

पेटीवर मोबाइलच्या शेजारी माझी प्रत होती, कोपऱ्यात तिच्या अक्षरात ‘शालन’ लिहिलेली. ती मी पिशवीत घातली. बाहेर ऊन उतरलं होतं, सहा वाजत आले होते. मी गॅलरीत गेले आणि तिचा नंबर लावला. आत पेटीवर मोबाइल वाजायला लागला. पत्र्यामुळे त्याचा आवाज दुप्पट झाला होता, खालच्या दुकानात ऐकू गेला असेल. यास्मिननं उचलला नाही आणि मी बंद केला नाही. पूर्ण वाजू दिला.

मग आत आले आणि म्हणाले, “झाला फोन. आता काढ चार्जिंगवरून.”