पाववाल्याचा भोंगा

धाकू तिर्लोटकरचा मला हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे काय, अजूनही वाटतो. पायात रबरी चपला, बोटांना कायमचं काळं वंगण, आणि दिंडोशीच्या आमच्या वसाहतीच्या फाटकाबाहेर पत्र्याची एक पेटी, एक पंप आणि पंक्चर शोधायचं घमेलं. एवढ्याला तो दुकान म्हणतो. अशा माणसावर जळावं लागलं याचाच मला जास्त राग.

आमच्या सायकलवाल्यांच्या गटात दहाजण आहेत, आणि रस्ता शोधायचं काम माझं. ऑफिसात दिवसभर विम्याच्या फायली चाळायच्या आणि रात्री जेवण झालं की फोनवर नकाशा उघडून बसायचं. समुद्राला चिकटून जाणारी, गाड्या नसलेली वाट शोधायची. रेवसपासून खाली रेडीपर्यंत मी अशी वाट जोडत आणली होती. नव्या पुलांमुळे ओस पडलेले जुने रस्ते, सायकल होडीत घालून ओलांडायच्या खाड्या, कातळावरच्या पायवाटा. "सुबोधचा रस्ता" असं गटात म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू.

मग एका रविवारी श्वेता ब्रेक घट्ट करून घ्यायला धाकूकडे थांबली. ती दातांची डॉक्टर, तोंड उघडायला लावणं हा तिचा धंदाच. तिने सहज सांगितलं की डिसेंबरात देवगडकडे जातोय. धाकू पान्हा खाली ठेवून म्हणाला, "त्या सड्यावर मी बारा वर्सां सायकल मारलंय."

झालं. पुढचे चार रविवार सगळे त्याच्या पेटीभोवती.

त्याची गोष्ट अशी. बाप गिरणीत होता. संपानंतर गिरणी सुटली आणि कुटुंब गावी परतलं. सोळा वर्षांचा धाकू बेकरीत लागला. मागच्या कॅरियरवर पावांचा पेटारा बांधून, हँडलला रबरी फुग्याचा पितळी भोंगा लावून तो सड्यावरून वाडीवाडीला जायचा. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा सपाट कातळ, खाली थेट समुद्र. रस्ता नव्हताच, त्यामुळे कुठल्या फटीत चाक अडकतं आणि कुठल्या वळणावर वारा माणसाला आडवा करतो, हे त्याला पाठ. पुढे बेकरीवाल्याने टेम्पो घेतला, भोंग्याचं काम संपलं आणि धाकू मुंबईला आला. त्याला तीस वर्षं झाली. गावी जातो तो गणपतीला, एसटीने. सायकल घेऊन तो परत त्या सड्यावर गेला नव्हता.

मी तीन वर्षं डोळे फोडून जे शोधलं, ते या माणसाने पाव विकता विकता फुकटात पाहिलं होतं. आणि आता लोक मला विचारायच्या आधी त्याला विचारायला लागले. "धाकूभाऊ, इथे चढ किती?" "धाकूभाऊ, ही वाट जाते ना?" माझा नकाशा माझ्याच हातात वाळत पडला.

शेवटी श्वेताच म्हणाली, "त्यांना नेऊया ना रे. आपण रेल्वेने जातोय, ते टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसतील, सड्यावर आपल्यातली एखादी सायकल देऊ. तू विचार, तू रोज भेटतोस."

विचारायची गरजच नव्हती. धाकूच्या कानावर आधीच गेलं होतं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर त्याने कोपऱ्यातली आपली जुनी काळी सायकल बाहेर काढलेली, चाकं उतरवलेली, तारा घासून चकचकीत केलेल्या. "मास्तर," तो म्हणाला. मी सगळ्यांना शिकवतो म्हणून तो मला मास्तर म्हणतो. "हीच घेवन येतंय. बाकी काय नको माका. एकदा वरसून समुद्र बघीन, बस."

मी म्हणालो, "धाकूभाऊ, टेम्पोत जागा नाही."

इतक्या पटकन बोललो की माझं मलाच नवल वाटलं. तो "बरा" म्हणाला आणि त्याने चाकं परत बसवली. गटाला मी कळवलं, धाकूभाऊंचा गुडघा दुखतोय, येत नाहीत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी टेम्पो त्याच्याच पेटीसमोर लागला. मुद्दाम नाही, तिथेच लागतो. दहा सायकली जुन्या चादरींत गुंडाळून आत रचायच्या होत्या. बाकीचे आपापल्या सायकली ठेवून सामान बांधायला घरी गेले होते, आणि ते काम मला आणि ड्रायव्हरला धड येईना. धाकू उठून आला. एकेक सायकल उलटीपालटी करून त्याने अशी बसवली की हात फिरवायला जागा नाही. मग पेटीतून तो भोंगा काढून माझ्या पिशवीत घातला. "सड्याच्या टोकाक गेल्यावर तीनदा वाजवा. आणि फुडे पाखाडी हा, ऊन असतानाच पोचा."

पाखाडी. आमच्या उपनगरात पाखाडी म्हणजे जुन्या गावठाणातली वस्ती. मी मनात म्हटलं, चला, वस्ती आहे, चहा मिळेल. दुसरं कोणी असतं तर विचारलं असतं, पण धाकूला विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं. वाट नकाशावर दिसत होती, बारीक पण सलग, सड्यावरून थेट किनाऱ्यावरच्या वाडीपर्यंत. टेम्पो हमरस्त्याने तिथे पोचणार होता.

सडा मात्र जसा धाकूने सांगितला तसाच निघाला. वाळलेलं पिवळं गवत, मध्ये काळा कातळ, डावीकडे आंब्याच्या बागांचे दगडी गडगे, उजवीकडे खोल खाली पाणी. दोन तासांत एक गाडी नाही. एक बैल दिसला, तोही आमच्याकडे बघेना. अनिरुद्ध ओरडला, "सुबोध, झकास रे! मानलं तुला!" माझी छाती फुगली. भोंगा पिशवीत होता, आणि तो तिथेच राहील असं मी ठरवून टाकलं होतं. माझ्या रस्त्यावर त्याचा आवाज कशाला?

ऊन कलल्यावर आम्ही टोकाला आलो आणि वाट संपली. संपली म्हणजे तिच्या पायऱ्या झाल्या. जांभ्या दगडाच्या उंचसखल पायऱ्या, शेवाळलेल्या, माडांमधून सरळ खाली उतरत गेलेल्या. कोकणात पाखाडी म्हणतात ती ही. एक वाटसरू खालून डोक्यावर भारा घेऊन आला, त्याने सांगितलं. सायकली खांद्यावर घेऊन उतरायच्या, किंवा आल्या वाटेने दोन तास मागे.

"वाट लागली," अनिरुद्ध म्हणाला. "विचारलं नाहीस का रे धाकूभाऊंना?"

मी फोनवरचा नकाशा मोठा करून बघायला लागलो. श्वेता सायकल खांद्याला अडकवायला पट्टा आहे का म्हणून माझ्या पिशवीत हात घालून शोधत होती. तिच्या हाताला भोंगा लागला. "अय्या, हे काय?" म्हणून तिने तो दाबला. पोंक, पोंक, पोंक.

खाली एक दार उघडलं. मग दुसरं. माणसं अंगणात येऊन वर बघायला लागली. दोन-तीन पोरगे धावत निघाले, आणि त्यांच्यामागून गुडघ्यावर हात ठेवत एक म्हातारी चढायला लागली. पोरगे पोचले, त्यांनी सायकली उचलल्यासुद्धा. म्हातारी शेवटी पोचली. नाव सुंदराबाई, धाकूचं जुनं गिऱ्हाईक, हे मागाहून कळलं. तिने धाप टाकत आमच्या दहा तोंडांवरून नजर फिरवली.

"धाकू इलो मा? खंय हा तो?"

श्वेता म्हणाली, "नाही आजी. त्यांचा गुडघा दुखतोय."

"गुडघो?" म्हातारी म्हणाली. "परवा फोन केल्यान माका. म्हणालो, येवचो होतंय, पण टेम्पोत जागा नाय म्हणतत. म्हटलं, भोंगो वाजलो म्हणजे जागा झाली असतली."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"तो नाय इलो," ती मलाच म्हणाली, "मगे भोंगो कित्याक वाजवलात?"

एक सायकल मीच खाली नेली. पोरग्यांनी दोन दोन नेल्या, बाकीच्या ज्याच्या त्याने. रात्री तिच्या अंगणात सगळे जेवले, धाकूच्या गोष्टी ऐकल्या. पेटारा वर ठेवून, पाव टोपलीत घालून तो ही पाखाडी रोज उतरायचा, चार घरांसाठी. माझ्याशी कोणी फारसं बोललं नाही.

दिंडोशीला परत आल्यावर मी भोंगा घेऊन त्याच्याकडे गेलो. तो घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत होता.

"वाजवलात?"

"वाजला."

"कोण कोण इला वर?"

"सगळे. सुंदराबाईसुद्धा." मग मी एका दमात बोललो, "धाकूभाऊ, टेम्पोत जागा होती. मी खोटं बोललो तुझ्याशी."

"माका ठावक हा," तो म्हणाला. "टेम्पो मीच भरललंय मा?"

ड्रायव्हरशेजारची ती रिकामी सीट त्याने पाहिली होती. पाहून वर माझी सायकल सगळ्यात नीट बांधली होती. "मग भोंगा का दिलास मला?"

त्याने ट्यूब पुसली, भोंगा हातात घेतला आणि फुग्यावरची धूळ अंगठ्याने झटकली.

"तुमका मी नको होतंय. भोंग्याक खंय जागा लागता?"

आणि तो पुन्हा ट्यूबकडे वळला. मेलं, तेव्हाही मला त्याचा हेवाच वाटला.