आमच्या कारखान्यातली इन्स्पेक्टर

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी चर्चच्या खिडकीची चौकट उलटी केली. एका बाजूचे सांधे डाग देऊन जोडून झाले होते. शिशाच्या पट्ट्यांत रंगीत काचा बसवलेली चौकट आडवी उचलली तर मधोमध वाकते, काच तडकते. म्हणून आधी टेबलाच्या कडेला सरकवून उभी करायची, पलीकडून दुसऱ्यानं धरायची. पलीकडं कायम माझी बायको. काम झालं की ती लगेच माझी नखं बघायची.

धुळ्यात आमच्या गल्लीत तिला इन्स्पेक्टर म्हणत. कोपरापर्यंत हात धुतल्याशिवाय मला ताट नाही. कामाचे कपडे घरात नाहीत. कारखान्यात झाडू नाही, धूळ उडते म्हणून. ओलं फडकं फिरवायचं. शेजारीण म्हणाली, एवढं तर नव्या सुनेलाही कोणी छळत नाही. ही म्हणाली, सून माहेरी तरी जाते, यांना कुठं पाठवू?

मी चौथी पास. शिसं विष असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. हात गुंतले की पट्टीचं टोक दातांत धरायचो, माझा उस्तादही तेच करायचा. पुढं पोटात कळा यायला लागल्या, मनगट लुळं पडलं. डॉक्टर म्हणाले, दारू सोडा. मी थेंबही घेत नव्हतो. तिनं त्यांच्या टेबलावर पट्टीचा तुकडा ठेवला. "साहेब, आमचे मालक हे चावतात." मग रक्त तपासलं. मी आज आहे तो तिच्यामुळं, दुसऱ्या कुणामुळं नाही.

घरी आल्यावर मात्र बोलली, "शिसं खाईसन पोट भरस ते मी भाकरी कसाले थापू?"

तेव्हापासून दर सहा महिन्यांनी जळगावला रक्त तपासायला द्यायचं. मला सुईची भीती वाटते. ती माझा दंड धरून बसायची. यंदा मी तारीख तीनदा पुढं ढकलली. खिडकी नाताळाआधी द्यायची आहे, हा बहाणा. मनगट पुन्हा ढिलं पडत होतं, ते तिला शनिवारी चौकट उचलताना कळलं.

"सोमवारी जळगाव. फादरले मी सांगसू."

मी म्हटलं, बघू.

रविवारी सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता ती खाली बसली, ती उठलीच नाही. संध्याकाळी अग्नी दिला.

सोमवारी घर पाहुण्यांनी भरलेलं. जावई म्हणाले, आबा, सुतकात कुठं निघालात? मी सांगितलं, तिनं सांगितलंय तिथं. पहिली एसटी धरली. जळगावला नर्सनं विचारलं, सोबत कोण आहे? कोणी नाही म्हटलं, आणि बाही वर केली.